मी आले की अकरा वाजतात

शाळेच्या फाटकात एक अनोळखी माणूस उभा होता. काखेत पिशवी, तेल लावून चोपून बसवलेले केस आणि मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. ते घड्याळ तो सारखं बघत होता, म्हणून मी धावत येतेय हे काही त्याला दिसलं नाही. मी जवळजवळ त्याच्या पोटावरच आदळले.

"थांब," तो म्हणाला. "याच शाळेची का तू?"

"व्हय."

"शाळा किती वाजता भरते?"

"अकराला."

"आणि आता किती वाजले?"

"अजून अकरा वाजायचेत."

"कशावरून?"

"घंटा कुठं झालीय?"

"घंटा कोण देतं?"

"मी."

"मग दिली का नाहीस?"

"आत्ताच तर येतीया."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. एक रिबीन सुटलेली, चपलांपैकी एकच पायात, आणि हातात दोन शेर वजनाचा लोखंडी टोला.

"म्हणजे तू आलीस की अकरा वाजतात?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं, पण त्यात काही चूकही दिसेना.

"व्हय," मी म्हणाले. "मी आले की अकरा वाजतात. सरका जरा, मला रूळ बडवायचाय."

हे तालुक्याहून आलेले विस्तार अधिकारी देशिंगकर साहेब, आणि ते खास माझंच नाव शाळेतून कमी करायला आलेत, हे मला ठाऊक असतं तर मी निदान दुसरी चप्पल शोधून आले असते.

तेव्हा मी सहावीत होते. माझं नाव वृषाली, पण ते नाव फक्त हजेरीपुरतं होतं आणि तिथंही ते बहुतेक वेळा गैरहजर असायचं. गावाला मी ठाऊक होते भिंगरी म्हणून. घर ते शाळा हे अंतर डोक्यावर पाटी घेतलेली म्हातारीसुद्धा न टेकता गाठेल एवढंच. आमच्या घरात घड्याळ नव्हतं. सकाळची एसटी दारावरून गेली की आई मला दप्तरासकट बाहेर काढायची आणि कडी घालायची. तिथपर्यंत सगळं शिस्तीत चालायचं.

पुढं वाट होती. वाटेत लोहाराचा भाता, लाकडाची वखार, द्राक्षाच्या पेट्या ठोकणारी माणसं आणि विहिरीत एक कासव. कुठं भांडण लागलेलं असलं तर शेवट बघितल्याशिवाय कसं जायचं? अर्धवट सोडायची मला सवयच नव्हती, अभ्यास तेवढा सोडून. असं करत करत मी शाळेत पोचायची कधी साडेअकराला, कधी दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी.

आणि आमचे मुख्याध्यापक कुंभोजकर सर म्हणजे शिस्तीचे पुतळे. अकराची घंटा झाली की मुल्ला मामा, म्हणजे आमचे शिपाई, फाटकाला कडी घालायचे. जो बाहेर राहिला तो घरी. पोरांना वेळेवर यायची सवय लागावी म्हणून उशिरा येणाऱ्याला शाळेतच घ्यायचं नाही, असा तो उपाय होता. ज्याला भूक लागत नाही त्याचं ताट काढून घ्यावं, तसं काहीतरी. मला तर ते फाटक देवासारखं वाटायचं. बंद दिसलं की मी हात जोडून कासवाकडं परत.

आई मारायची. लाटणं, उलथनं, हाताला येईल ते. मारून तिचाच हात दुखायला लागला की मग मीच तेल चोळून द्यायची. वडील ट्रकवर, महिना-महिना घरी नसायचे. घरात शब्द चालायचा थोरल्या चुलत्यांचा. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. आण्णा ओसरीवर बसून सुपारी कातरत म्हणायचे, "पोरीच्या पायाला भिंगरी हाय तर त्या पायात जोडवी घाला. आपोआप थांबतीया. शिरढोणात एक जागा हाय बघण्यातली."

मी हसायची. आई हसायची नाही. तिला चौथीतून काढून चौदाव्या वर्षी या घरात आणली होती, आणि तिचे पाय असेच थांबवले होते. हे तेव्हा मला कळायचं नाही, पण आण्णांनी शिरढोण म्हटलं की आईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडायची, एवढं मला दिसायचं.

एक दिवस कुणाला न सांगता ती मला मिरजेला डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टर आईशी बोलत होते तोवर मी त्यांच्या वजनकाट्यावर चढून उतरून पाहिलं, पडद्याच्या कड्या मोजल्या, आणि त्यांच्या टेबलावरचा कवटीचा नमुना उघडला. तो परत बसेना. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चार इंग्रजी अक्षरं सांगितली, त्यातली दोन आईनं एसटीत बसेपर्यंत हरवली. पण बाकीचं तिनं पाठ केलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन आमच्या वर्गशिक्षिका वाघमोडे बाई यांना जसंच्या तसं सांगितलं.

"डॉक्टर म्हंत्यात, ही मस्ती न्हवं. डोक्याचा ब्रेक सैल हाय. मारून काय हुईत न्हाई. गोळ्या दिल्यात. हातापायाला काम द्या म्हंत्यात, आन् बाई, ते म्हणलं, आपल्याला कसं आतनं कळतं, किती येळ झाला ते? तसं हिला कळत न्हाई. हिच्या आत घड्याळच न्हाई."

वाघमोडे बाई उंच, काटकुळ्या, आणि तोंडाच्या अशा फटकळ की सातवीतली मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा त्यांना टाळून जायची. त्यांनी हातातला खडू फिरवला.

"आत घड्याळ नाही होय," त्या म्हणाल्या. "बघू मग."

त्याच दुपारी त्या मला बखोटीला धरून सरांच्या खोलीत गेल्या. तिथं भिंतीवर सरांचा जीव की प्राण होता, लंबकाचं मोठं घड्याळ. सरांच्या वडिलांनी ते शाळेला दिलेलं. दर सोमवारी सर स्वतः स्टुलावर चढून त्याला किल्ली द्यायचे, आणि ती किल्ली ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचे. भिंतीवर असताना मनगटावर कशाला, असं म्हणून ते हातात घड्याळ घालत नसत.

"सर, उद्यापासून घंटा ही देईल," बाई म्हणाल्या.

दारात उभ्या मुल्ला मामांचे डोळे चमकले. घंटेच्या पायी त्यांची बिडी रोज अर्धी राहायची.

"घंटा? हिच्या हातात?" सर म्हणाले. "बाई, माकडाच्या हातात कोलीत देताय!"

"घंटेला ही येत नाही ना? मग घंटाच हिच्याकडं देऊ. टोला घरी घेऊन जाईल. ही आल्याशिवाय शाळा भरायची नाही म्हटल्यावर सगळा गाव हिला हाकलत आणेल."

"आणि नाही आली तर?"

"दिवाळीनंतर विस्तार अधिकारी येतील तेव्हा त्यांच्यासमोर नाव कमी करा. मी आडवी येणार नाही."

सरांना हे पटलं. नाव कमी करायचं त्यांनी कधीच ठरवलं होतं, पण साक्षीदारासमोर केलं की ते जास्त शोभून दिसलं असतं. आईला मात्र त्या रात्री घास गेला नाही. नाव कमी झालं की पुढचं गाव शिरढोण, हे तिला लख्ख दिसत होतं.

आमची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, कडुलिंबाला तारेनं टांगलेला. त्यावर टोला बसला की आवाज पार माळावरच्या बेदाण्याच्या शेडपर्यंत जायचा. शेडातल्या बाया त्या आवाजावर भाकरी सोडायच्या. हॉटेलवाल्या अक्काताई त्यावर आपलं गजराचं घड्याळ लावायच्या. सलूनवाला दत्तू लावायचा, पोस्टातले मास्तरसुद्धा लावायचे. गावाची वेळ म्हणजे शाळेची घंटा, हे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं.

तो टोला हातात आल्यावर मला काय झालं ते सांगता येत नाही. मी तो उशाशी घेऊन झोपायची. आणि बाई म्हणाल्या तसंच झालं. सकाळी मी भात्यापाशी रेंगाळले की लोहार ओरडायचा, "भिंगरे, घंटा!" विहिरीत वाकले की धुणं धुणाऱ्या बाया पाणी उडवायच्या, "अगं ए, घंटा हाय न्हवं तुझी?" पोरं तर पाठीमागं लागायचीच.

तरी पहिले काही दिवस मी उशिराच पोचले. मुल्ला मामांनी शिव्या देत दगडानं रूळ बडवला आणि सरांनी हळूच मिशीला हात लावला. पण महिनाभरात चमत्कार झाला. मी निघायची तेव्हाच निघत होते, रेंगाळायची ते थोडं कमी, इतकंच. पण फाटकात पाय टाकला की सरांच्या खोलीच्या खिडकीत बाई दिसायच्या. त्या घड्याळाकडं बघायच्या आणि खडू वर करायच्या.

"वेळेवर आलीस. मार!"

आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर होते. आईनं मारुतीला नारळ फोडला. डॉक्टरांना वाटलं गोळ्यांनी, आण्णांना वाटलं त्यांनी दृष्ट काढली म्हणून. मला वाटलं मी मोठी झाले.

त्याच सुमाराला गावात आणखी एक विपरीत घडायला लागलं. एसटी लवकर यायला लागली.

लोक घड्याळ बघून पारावर यायचे तर धुरळा खाली बसत असायचा. कंडक्टरशी रोज बाचाबाची. तो बिचारा छातीवर हात मारून म्हणायचा, "अहो, एसटी लवकर आली म्हणून आजपातूर कुणी शिवी दिल्याली ऐकलीय का तुम्ही?" दत्तूच्या सलूनमधला रेडिओसुद्धा बातम्या लवकर द्यायला लागला. दत्तू म्हणाला, मुंबईची माणसं, त्यांना सगळ्याचीच घाई. त्यावर कुणी जास्त डोकं चालवलं नाही.

तर असं सगळं छान चाललेलं असताना देशिंगकर साहेब फाटकात उभे राहिले.

मी रुळाकडं निघाले तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि तसंच सरांच्या खोलीत नेलं. सर खुर्चीतून ताडकन उठले. बाई खिडकीपाशी होत्याच.

"कुंभोजकर, काय चाललंय काय हे?" साहेब गरजले. "अकरा वाजून दहा मिनिटं झाली. शाळा भरलेली नाही. पोरं लगोरी खेळतायत. आणि ही पोरगी आत्ता येतेय, एका चपलेवर!"

सरांचा चेहरा आधी उजळला. "साहेब, हीच ती! मी तुम्हाला म्हटलं होतं ना, नाव कमी करायचं आहे? बघा, तुमच्या डोळ्यांदेखत—" आणि बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवर गेली. लंबक डोलत होता. अकराला पाच कमी होते.

"अकरा वाजून दहा?" सर म्हणाले.

"दहा नाही, आता अकरा मिनिटं झाली असतील."

"साहेब, अजून पाच मिनिटं आहेत शाळेला."

"तुमचं घड्याळ मागं आहे."

सरांना कुणी चोर म्हटलं असतं तर चाललं असतं.

"साहेब," सर हळू आवाजात म्हणाले, "माझ्या वडिलांच्या हातचं घड्याळ आहे हे. मी स्वतः किल्ली देतो. माझ्या काळजाचा ठोका चुकेल, हे चुकायचं नाही."

"मग माझं चुकलं म्हणता?"

"मी तसं कसं म्हणेन? पण ते... कुठून घेतलेलं?"

"सासऱ्यांनी दिलंय. दिवाळसणाला."

सर फक्त "असं होय" म्हणाले. पण ते असं म्हणाले की साहेबांनी बाही खाली ओढली.

माझं मनगट अजून साहेबांच्या हातात होतं. माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता. साहेबांचं घड्याळ खरं असेल तर मी उशिरा आलेली, माझं नाव गेलं. सरांचं घड्याळ खरं असेल तर मी वेळेवर. आणि सर, ज्यांना मला घालवायचं होतं, ते घड्याळासाठी छाती काढून उभे होते. मला भीती वाटायला लागली. एरवी मला एका वेळी चार गोष्टी दिसायच्या, त्या दिवशी मला फक्त तो लंबक दिसत होता.

"त्यात काय एवढं," बाई खिडकीतून म्हणाल्या. "गावात विचारून घ्या की. भिंगरे, साहेबांना अक्काताईंचं हॉटेल दाखव. आणि जाता जाता पोस्ट पण दाखव. तिथलं घड्याळ सरकारी आहे."

निघाली वरात. पुढं मी टोला खांद्यावर घेऊन, मागं साहेब, त्यांच्या मागं सर, सरांच्या मागं अर्धी शाळा.

अक्काताईंच्या फळीवर गजराचं घड्याळ होतं. अकराला तीन कमी.

"बरोबर आहे का हे?" साहेबांनी विचारलं.

"चहा घेनार की घड्याळ?" अक्काताई म्हणाल्या. "मिनिटाचाबी फरक न्हाई. कवापास्नं बघतीया मी."

दत्तू सलूनवाल्यानं गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा तसाच धरून मान वळवली. "दोन कमी हाईत, साहेब." पोस्टाच्या खिडकीतून साहेबांनी डोकं आत घातलं आणि बाहेर काढलं ते जरा मऊ होऊन. सरकारी घड्याळातही दोन कमी होते. साहेबांनी मनगट कानाला लावलं, झटकलं, परत लावलं.

आणि नेमकी तेव्हाच शेवटच्या गावाहून परत फिरलेली एसटी पारापाशी येऊन थांबली.

"कंडक्टर!" साहेबांनी हाक मारली, बुडत्याला काडी सापडावी तशी. "किती वाजले?"

"अकरा वाजून तेरा," कंडक्टर दारातून म्हणाला. "डेपोची वेळ हाय."

पण साहेब काही बोलायच्या आत गाव पेटलं.

"आला बघा, आला! आजबी लवकर!" दत्तू वस्तरा घेऊनच रस्त्यावर आला.

"साहेब, लिहून घ्या ह्याचं नाव! महिनाभर आमच्या आदी पळतोय हा!"

"माझी सून ह्याच्यापायी माहेरला जायची ऱ्हायली!" अक्काताई ओरडल्या.

कंडक्टर खाली उतरला. "अरं, मी लवकर येत न्हाई, तुम्ही उशिरा येताय!"

"आख्खं गाव उशिरा येतंय व्हय? अन् पोस्ट? पोस्टबी उशिरा व्हय?"

"एसटी लवकर आली, असं मी जन्मात ऐकलं नाही," साहेब चाचरत म्हणाले. ते अगदी खरं बोलले होते, आणि तिथंच माझा निकाल लागायचा. पण सर पुढं आले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"साहेब, एक सांगतो. कंडक्टरच्या हातातलं घड्याळ बघा. पट्ट्याला सुतळी बांधलीय. एकीकडं सुतळी आणि सासुरवाडी. दुसरीकडं माझं घड्याळ, पोस्ट आणि गाव. तुम्ही ठरवा. पण माझं घड्याळ चुकलं असेल तर मी आजच राजीनामा देतो."

कंडक्टरनं डबल घंटी मारली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत एसटी घेऊन गेला. साहेब थोडा वेळ धुरळ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी घड्याळाची चावी बाहेर ओढली आणि काटा मागं फिरवला.

"सासऱ्यांना मी तेव्हाच म्हटलं होतं," ते म्हणाले, "पावती द्या म्हणून."

आम्ही परत आलो. बाई खिडकीतच होत्या. त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि खडू वर केला. मी असा टोला हाणला की कडुलिंबावरचे कावळे उडाले. पोरं रांगेत आली, परिपाठ सुरू झाला.

"हीच का ती?" साहेबांनी सरांना विचारलं. "नाव कमी करायचं म्हणत होता ती?"

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं. मग कडू औषध गिळल्यासारखं तोंड केलं.

"तसं... वेळेवर येते, साहेब. रोज."

"मग कशाला कमी करताय? राहू द्या."

त्या संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. आण्णा ओसरीवर होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बाईंनी आईला सांगितलं की साहेबांनी वृषालीचं नाव कायम ठेवलंय आणि तिच्यावर त्यांचं लक्ष आहे. दुसरं वाक्य त्यांनी मनचं जोडलेलं होतं. आण्णांनी सुपारी खाली ठेवली. आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावले तर ती चुलीपुढं बसून तोंडाला पदर लावून रडत होती. मी तिच्या पाठीवर पडले. तिनं मला मारलं नाही. शिरढोणचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

सातवीपर्यंत घंटा माझ्याकडंच होती. पुढं तालुक्याच्या हायस्कूलला गेले, तिथं गटांगळ्या खात का होईना, बारावी झाले. आता मी एसटीत कंडक्टर आहे. बसून राहावं लागत नाही, दर थांब्याला नवी भांडणं असतात आणि शेवट बघायच्या आत घंटी मारून पुढं जाता येतं. वेळ मला अजूनही आतून कळत नाही. स्टँडवर कंट्रोलर माझ्या नावानं ओरडतो तेव्हा कळते.

गेल्या वर्षी वाघमोडे बाईंनी जेवायला बोलावलं. त्या निवृत्त होऊन सांगलीत राहतात. "रविवारी एकला ये," म्हणाल्या. मी अगदी वेळेत निघाले. पण वाटेत एका क्रेननं पाण्याची टाकी उचलायला घेतली होती, आणि ती वर टेकेपर्यंत थांबणं भागच होतं. बाईंची बेल दाबली तेव्हा मला धाप लागली होती आणि तीन थापा तोंडात तयार होत्या.

बाईंनी दार उघडलं. केस पिकलेले, पाठ तशीच ताठ.

"ये," त्या म्हणाल्या. "वेळेवर आलीस."

मी चपला काढता काढता मोबाईल बघितला. सव्वा वाजून गेला होता. मग समोर भिंतीकडं बघितलं. तिथलं घड्याळ एक दाखवत होतं.

मी एक चप्पल पायात, एक हातात अशी तिथंच उभी राहिले. मला एकदम तो लंबक आठवला. अक्काताईंचं गजराचं घड्याळ, पोस्टाची खिडकी, दत्तूचा रेडिओ, कंडक्टरची सुतळी.

"बाई," मी म्हणाले, "तेव्हापण?"

"मग? तुला काय वाटलं, वेळेवर येत होतीस?"

"मला तसंच वाटलं!"

"तसंच वाटायला पाहिजे होतं." त्या खुर्चीत बसल्या. "दुपारी सर जेवायला घरी जायचे आणि झोपून यायचे. मी खोलीत जाऊन लंबक धरून उभी राहायची. एकदम नाही गं. रोज थोडा थोडा. एकदम केलं असतं तर सरांच्या पोटाला कळलं असतं."

"सगळं गाव मागं नेलंत!"

"गाव आपणहून आलं. मी फक्त शाळेचं धरलं होतं." बाईंना आता हसू आवरेना. "कंडक्टरचं मात्र वाईट वाटलं हो. बदली मागून गेला बिचारा."

"आणि नंतर?"

"नंतर परत दिलं. साहेब येऊन गेले, मग रोज काटा जरासा पुढं. लोक तुला हाकलत होते, तूही जरा आधी पोचायला लागली होतीस. तू जेवढी लवकर येशील तेवढा पुढं. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बरोबर झालं."

"तुमची नोकरी गेली असती, बाई."

"अगं, तुझी आई म्हणाली, हिच्या आत घड्याळ नाही. मी विचार केला, पोरगी बदलायला किती वर्षं लागतील कुणास ठाऊक. घड्याळ बदलायला काय, हात वर केला की झालं."

तीन थापा तोंडातच राहिल्या आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी रडतेय हे बाईंना आवडणार नाही हे ठाऊक होतं, तरी रडले. त्यांनी पदरानं नाही, भिंतीवरच्या टॉवेलनं माझं तोंड खसाखसा पुसलं.

"पुरे. आमटी निवतेय."

आतून त्यांच्या यजमानांचा आवाज आला. त्यांना भूक लागलेली स्पष्ट ऐकू येत होती.

"आली का गं भिंगरी?"

"आली," बाई म्हणाल्या.

"मग वाजला एक. वाढ."